नेवेंकाचा काँप्युटर आणि तीन तज्ज्ञ

नेवेंकाचा काँप्युटर वारला तेव्हा ती तेवीस टन टोमॅटो घेऊन बोलोन्याच्या जरा अलीकडे होती. रविवारची दुपार होती. पडदा एकदा थरथरला, टेबलाखालून फुस्स झालं आणि ट्रक, टोमॅटो, इटली सगळं एका झटक्यात काळं झालं.

खरं तर ती सर्बियातल्या निश शहरातच होती. चौथ्या मजल्यावर, शिलाई मशीनशेजारच्या खुर्चीत, पायात लोकरी मोजे. पण गेली सहा वर्षं रोज दुपारी दोन तास ती युरोपभर ट्रक चालवायची. मुलगा लाझार नोकरीला लिंझला गेला तेव्हा आपला जुना काँप्युटर मागे ठेवून गेला आणि त्यात हा खेळ राहिला होता. खेळात मालवाहतुकीची एक कंपनी होती, तिच्यात चाळीसएक ड्रायव्हर होते, कुणी पोर्तोचे तर कुणी टॅलिनचे. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण नेवेंकाचा माल वेळेवर पोचतो हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढी खात्री तिच्या घरात तिच्याबद्दल कुणाला नव्हती.

तिने टेबलाखाली वाकून वास घेतला. "पॉवर सप्लाय गेला," ती म्हणाली, "आणि जाताना मदरबोर्डाला घेऊन गेला."

तिचा नवरा तिहोमिर कोचावर आडवा होता. "मी सांगत होतो, एवढ्या लांब गाडी नेऊ नकोस," तो म्हणाला.

तिहोमिरने एकतीस वर्षं शहराची बस चालवली होती. बस चालवणाऱ्याला जगातली यच्चयावत यंत्रं आपोआप कळायला लागतात अशी त्याची समजूत होती, आणि मागे बसलेल्या प्रवाशांपैकी कुणी ती खोडून काढायच्या फंदात पडलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान साठून राहिलं होतं. आता वाट मिळाली.

"नवा घेऊ," तो उठून बसला. "मी बघतो."

"तू काही बघू नकोस. मी सुटे भाग आणणार आणि मीच जोडणार. हॉटेलला शिवून दिलेल्या पडद्यांचे पैसे आलेत."

तिहोमिर आधी हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने फोन उचलला आणि ब्लागोयेला बोलावून घेतलं.

ब्लागोये हा त्याच्या लग्नातला साक्षीदार. ते नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं, त्यामुळे त्याला दार वाजवायची गरज पडत नसे आणि जेवायला थांबा म्हणायचीही. ब्लागोयेला स्वतःला काहीच येत नव्हतं, पण प्रत्येक कामासाठी त्याचा 'एक माणूस' होता. दात काढायला माणूस, छत गळत असेल तर माणूस, पासपोर्ट लवकर हवा असेल तर माणूस. त्या माणसांनी केलेली कामं पुन्हा करून देणारी दुसरी माणसंही त्याच्याकडे होती.

त्याच्या मागोमाग पाचव्या मजल्यावरचा वेलिबोर आला. हा चाळिशीचा, नगरपालिकेत प्रिंटर दुरुस्त करायचा आणि स्वतःची ओळख 'सिस्टिममधला माणूस' अशी करून द्यायचा. अख्ख्या इमारतीत भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास भरला होता. ऑक्टोबर होता, बायकांची वर्षभराची चटणी चालू होती. तरी एवढ्या वासातूनही वेलिबोरला चौथ्या मजल्यावर काँप्युटरची चर्चा चालल्याचा वास कसा लागला, हे कोडंच होतं.

"काकू, गेमिंगचा काँप्युटर बांधायचा म्हणजे पडदा शिवण्याइतकं सोपं नाही," त्याने खुर्ची ओढत सुरुवात केली.

"पडदा शिवलायस कधी?"

"नाही."

"मग काँप्युटर?"

"बांधला नाही, पण बांधलेले पुष्कळ बघितलेत." वेलिबोरने खिशातून कागद काढला. "ही बघा यादी. कॅबिनेट काचेचं. आत दहा पंखे, प्रत्येकाला रंगीत दिवे. आणि प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या."

"पाणी? विजेच्या सामानात?"

"बंद नळ्यांतून फिरतं, काकू. गळत नाही."

"मार्चमध्ये माझ्या छतातून आलं ते कुठलं होतं रे? तेही बंद नळ्यांतूनच फिरत होतं ना?"

वेलिबोरने यादीतल्या पुढच्या ओळीवर उडी मारली. तिहोमिरला मात्र यादी आवडली नाही. "काच कसली? लोखंडाचं घ्या, चांगलं जाड. आणि इंजिन मोठं पाहिजे. इंजिनाचं काय ते म्हणतात रे?"

"पॉवर सप्लाय."

"हां, तो सगळ्यात मोठा घ्यायचा. चढावर गाडीचा दम जायला नको."

"पॉवर सप्लाय म्हणजे इंजिन नव्हे," नेवेंका म्हणाली.

"तू कॉफी ठेव," तिहोमिर म्हणाला.

तिने ठेवली. ती करत असताना मागून ब्लागोयेचा आवाज आलाच. "हे सगळं राहू द्या. माझा एक माणूस आहे."

आता एक गोष्ट सांगायला हवी. नेवेंका एकोणीस वर्षांची होती तेव्हा शहरातल्या टीव्हीच्या कारखान्यात लागली. कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, ती एका लांब टेबलाशी बसून हिरव्या बोर्डांवर डाख देत होती. सुटे भाग बसवायचे, पाय वळवायचे, वितळलेल्या शिशाचा थेंब सोडायचा, बोर्ड पुढे सरकवायचा. चुकीचा डाख ती हात फिरवून ओळखायची. नंतर पडदे शिवायला लागली, कारण पडदे लोकांना लागतच राहिले. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत म्हणजे, बाल्कनीत जुनी सायकल आहे हे जसं माहीत असतं तसं. त्यामुळे विजेचा झटका कसा लागतो हे जेव्हा वेलिबोरने तिला समजावून सांगितलं, तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही ऐकून घेत होती. कॉफीत साखर कुणाला किती, एवढंच तिने विचारलं.

मंगळवारी ब्लागोये तिला आपल्या गाडीतून त्याच्या माणसाकडे घेऊन गेला. तिहोमिर पुढे बसला, नेवेंका मागे, स्पेअर टायरशेजारी. माणसाचं नाव झिवोराद. नदीपलीकडे एका गॅरेजमध्ये त्याचं दुकान होतं, म्हणजे हिवाळी टायर, दोन वॉशिंग मशीन, एक मेलेलं कारंजं आणि मागच्या फळीवर काँप्युटरचं सामान.

"वहिनीला ग्राफिक्स कार्ड दाखव," ब्लागोयेने फर्मावलं. "चांगलं. आपल्या घरचं समजून."

झिवोरादने टॉवेलात गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. तीन पंख्यांचं, वीटभर जाड. दाखवलं मात्र तिहोमिरला. "एका डॉक्टरचं आहे. फक्त रविवारी खेळायचे. ते पण अर्धा तास."

"डॉक्टरांना वेळ कुठे असतो," तिहोमिर जाणकारासारखा म्हणाला.

"तेच तर. नव्यासारखं आहे. दुकानात याच्या दुप्पट मोजाल."

नेवेंकाने हात पुढे केला. झिवोरादने तिहोमिरकडे बघितलं, जणू परवानगी हवी, आणि कार्ड तिच्या हातात दिलं. ती दारापाशी उजेडात गेली. चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. मागची बाजू बघितली, कड बघितली, मग अंगठा एका जागी दोनदा फिरवला.

"हा कपॅसिटर कुणी बदलला?"

"कुठला?" झिवोराद म्हणाला.

"हा. शेजारचे चार बुटके आणि हा एक उंच. आणि डाख दिल्यावर राळ पुसायचे कष्टही घेतले नाहीत, बोटाला चिकटतेय बघ. स्क्रू चार वेळा तरी उघडलेत, खाचा झिजल्यात. इथून तेल सुटलंय. हे कार्ड दिवसरात्र जळत होतं, वर्ष-दोन वर्षं. डॉक्टर रविवारी अर्धा तास खेळायचे म्हणतोस? कसला डॉक्टर होता, अतिदक्षता विभागातला?"

झिवोराद कार्डाकडे बघू लागला, जणू त्याचीही आत्ताच ओळख होतेय.

"मलाही असंच मिळालं हो," तो शेवटी म्हणाला. पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता. "तुम्ही यातल्या आहात का?"

"मी पडदे शिवते."

परतीच्या वाटेवर ब्लागोये बराच वेळ सिग्नलवर नाराज होता. मग म्हणाला, "वहिनी, तू उगाच त्याला दुखावलंस. हळवा माणूस आहे."

"आणि किंमत उतरवता आली असती," तिहोमिर म्हणाला. "मी बोलणारच होतो, तेवढ्यात तू बोललीस."

त्यानंतर नेवेंका तिघांशीही या विषयावर बोलली नाही. शिलाईच्या वहीत मागच्या पानावरून तिने नवी सुरुवात केली. लाझारने पाठवलेला जुना लॅपटॉप पानं वाचण्यापुरता चालत होता. दोन आठवडे ती पडद्यांच्या दोन शिवणींमध्ये वाचत होती. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो, कुठला नुसता बसल्यासारखा दिसतो. मेमरीची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान का बऱ्या. अवघड असं काही नव्हतं. अवघड होते ते सांगणारे.

एकदाच तिने एका चर्चेच्या साइटवर प्रश्न टाकला. 'मला ट्रकचा खेळ खेळायचा आहे. हे भाग चालतील का?' पहिल्याने लिहिलं की हा खेळच भिकार आहे, दुसरा खेळा. दुसऱ्याने लिहिलं, थोडे पैसे वाढवा आणि याच्या वरचं कार्ड घ्या. तिसऱ्याने वरच्याच्या वरचं सुचवलं. चौथा म्हणाला, एवढं कार्ड घेताय तर प्रोसेसर लहान पडेल. दहाव्या उत्तरापर्यंत हवामान खात्याला पुरेल असं यंत्र तयार झालं होतं. पुढच्या तीस उत्तरांत दोघं जण कुठल्याशा जुन्या पंख्यावरून एकमेकांची आई काढत होते. नेवेंकाने आभार मानले आणि पान बंद केलं.

तिची यादी वहीच्या अर्ध्या पानात मावली. सहा कोअरचा प्रोसेसर, त्याला चालणारा साधा बोर्ड, मेमरीच्या दोन पट्ट्या, मधल्या ताकदीचं नवं कार्ड, बेताचा पॉवर सप्लाय. कॅबिनेट लहान, काळं, दिव्याविना. ते शिलाई मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बसायला हवं होतं, म्हणून तिने फट टेपने मोजली. मग वेबसाइटवरून कॅबिनेटची आतली लांबी आणि कार्डाची लांबी उतरवून घेतली. शिवणकामातली माणसं मापात चुकत नाहीत असा तिला विश्वास होता. तो विश्वास पुढे महागात पडला, पण त्याला अजून चार दिवस होते.

काँप्युटरचं दुकान शहराच्या मध्यावर होतं आणि तिहोमिर न बोलावताच बरोबर आला होता. काउंटरवरचा दाढीवाला तरुण हसतमुख होता. नेवेंकाने यादी पुढे केली. त्याने ती घेतली आणि तिहोमिरला विचारलं, "गेमिंगसाठी ना, साहेब? मुलाला?"

"बायकोला," तिहोमिर म्हणाला.

दाढीवाला मनापासून हसला. चांगला विनोद होता.

"मेमरी दोन पट्ट्यांची द्या," नेवेंका म्हणाली. "एकाच डब्यातली जोडी."

"साहेब, एक मोठी घेतलीत तर पुढे वाढवता येईल," तो तिहोमिरला म्हणाला.

"बोर्डाला जागा चार आहेत, दोन घेतल्या तरी वाढवता येतील."

"बरोबर आहे त्यांचं, साहेब."

"अर्थात," तिहोमिर म्हणाला. त्याला कशातलं काय हे कळलं नव्हतं, पण 'अर्थात' हा शब्द तो एकतीस वर्षं तिकीट तपासनीसाशी बोलताना वापरत आला होता आणि तो कधी वाया गेला नव्हता. त्याने पॉवर सप्लायची खोकी उचलून वजन करून बघितली. सगळ्यात जड खोकं बाजूला काढलं. नेवेंकाने ते परत जागेवर ठेवलं. असं तीनदा झालं. शेवटी दाढीवाल्याने बिल केलं, हमीची कागदपत्रं नीट घडी घातली आणि तिहोमिरच्या हातात दिली. पैसे नेवेंकाने दिले.

शनिवारी सकाळी तिने जेवणाचं टेबल रिकामं केलं, वर जुना सुती पडदा अंथरला, खिडकीचे पडदे बाजूला सारले. दहा वाजता तिघं मदतीला हजर झाले. मदतीचं सामान म्हणजे ब्लागोयेच्या गावाकडची प्लमची दारू, पातळ पोळीत चीज भरून भाजलेले गरम बुरेक आणि वेलिबोरचा मनगटी पट्टा.

"काकू, हा घाला. अंगातली वीज बोर्डाला लागली तर बोर्ड खलास."

"तुझ्या अंगात असेल रे," असं म्हणून तिने असलीनसली वीज उतरवायला धातूच्या नळाला हात लावला, तो पुसला आणि कामाला बसली.

तिने प्रोसेसर दोन बोटांत धरला, कोपऱ्यावरची खूण बघितली आणि तो खाली सोडला. दाबला नाही, नुसता सोडला, आणि तो बसला. त्याला धरून ठेवणारी दांडी खाली ओढली. मेमरी दोन्हीकडून सारख्या दाबाने टकटक बसवली. पंख्याचे चार स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळले. वेलिबोर आधी प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होता. मग करतानाच सांगायला लागला. मग झाल्यावर. मग गप्प बसला आणि बुरेक खाऊ लागला. ब्लागोये दारूचा ग्लास हातात तसाच धरून तिच्या बोटांकडे बघत राहिला. पस्तीस वर्षांच्या ओळखीत त्याने ही बोटं पानात वाढताना तेवढी पाहिली होती.

बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला. पॉवर सप्लाय गेला. शेवटी तिने कार्ड उचललं, तिरकं करून आत घातलं, आणि ते अडलं.

तिने काढून पुन्हा घातलं. पुन्हा अडलं. दोन सेंटिमीटर जास्त होते. कॅबिनेटची लांबी तिने बरोबर लिहिली होती, कार्डाचीही बरोबर होती. पण पुढच्या भिंतीला आतून एक पंखा होता, आणि त्या पंख्याची जाडी तिने धरलीच नव्हती.

"मोठं कॅबिनेट घ्यायला हवं होतं," वेलिबोर म्हणाला. त्याचा आवाज इतका गोड झाला होता की बुरेकवर मधाची गरज उरली नसती. "मी म्हटलं होतं."

"काचेचं," ब्लागोये म्हणाला.

"लोखंडाचं," तिहोमिर म्हणाला.

इतक्या आनंदात त्या टेबलाशी पुष्कळ वर्षांत कुणी बसलं नव्हतं. ग्लास पुन्हा भरले गेले. ब्लागोयेने कॅबिनेट कापून देणारा एक माणूस असल्याचं सांगितलं. वेलिबोरने फोन काढून काचेच्या कॅबिनेटचे फोटो दाखवायला सुरुवात केली. कुणी तिला वाईट असं काहीच बोललं नाही, उलट सगळे फार प्रेमाने वागत होते. "होतं गं असं," तिहोमिर म्हणाला, "पहिलीच वेळ आहे." तेच तिला सहन झालं नाही.

ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीतली बाई मिरच्या सोलत होती. नेवेंकाचे कान तापले होते. चुकीच्या मापाचं कापड कापलं की असंच व्हायचं, पण कापडाचं निदान उशीचं कव्हर तरी होतं. चौदा वर्षांत आपल्या टेबलावरून किती बोर्ड परत आले ते तिला अजून पाठ होतं. नऊ. त्यांतले तीन शेजारच्या खुर्चीवरच्या बाईच्या हातचे होते. हे आत जाऊन सांगावं असं तिला वाटलं, मग वाटलं, कुणाला सांगणार?

आतून तिहोमिरची हाक आली. "नेवेंका, हा पंखा आतच का आहे?"

"कारण तो आत बसवलेला आहे."

"ते दिसतंय मला. पण पुढचं प्लास्टिक काढलं तर मध्ये जागा आहे. बसमध्ये रेडिएटरचा पंखा आडवा आला की आम्ही तो जाळीच्या पलीकडून लावायचो. हवा ओढली म्हणजे झालं, कुठून ओढतो याच्याशी काय घेणं?"

ती आत आली. तिहोमिरने कॅबिनेटचं तोंड उचकटून हातात धरलं होतं आणि डोळा लावून मधल्या पोकळीत बघत होता. तिने टेप घेतला. पोकळी तीन सेंटिमीटर. पंखा अडीच.

"बसेल," ती म्हणाली.

"बसेलच."

तिने नवऱ्याकडे नीट बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने न विचारता दिलेले सल्ले ट्रकभर होते. कामाचा असा हा पहिलाच. तिने चार स्क्रू काढले, पंखा बाहेरून लावला, कार्ड आत सोडलं. खट्. बसलं.

"वा रे पठ्ठ्या!" ब्लागोये ओरडला आणि त्याने तिहोमिरची गळाभेट घेतली. वेलिबोरनेही हात मिळवला. काँप्युटर कुणी बांधला हे त्या मिनिटाला ठरून गेलं.

"निदान मॉनिटरची वायर तरी मला लावू द्या, काकू," वेलिबोर म्हणाला आणि टेबलामागे शिरला.

नेवेंकाने बटण दाबलं. पंखे फिरले, आत एक हिरवा ठिपका लागला. मॉनिटर काळाच.

पुढची दहा मिनिटं फार विद्वत्तेची होती. वेलिबोरच्या मते मेमरी खराब निघाली. ब्लागोयेच्या मते दुकानदाराने फसवलं, नवं सामान हे असंच असतं, म्हणून तर माणसाकडून घ्यावं. तिहोमिरच्या मते इंजिन लहान पडलं, चढावर दम गेला. वेलिबोरने प्रोसेसर काढून पुन्हा बसवावा असं सुचवलं. ब्लागोयेने कॅबिनेटवर थाप मारली, आधी प्रेमाने, मग जरा जोरात. नेवेंका खुर्चीत बसून आपली गार झालेली कॉफी पीत होती. वायर कुठे लावलीय हे तिला वेलिबोर टेबलामागून बाहेर यायच्या आतच दिसलं होतं. पण तिघं इतके रंगात आले होते की मध्ये बोलणं तिला असभ्यपणाचं वाटलं.

कॉफी संपली. ती उठली, मागे वाकली, बोर्डात खोचलेली मॉनिटरची वायर उपटली आणि दोन बोटं खाली, कार्डात लावली. पडदा उजळला.

"वेलिबोर, चित्र कार्डातून येतं. म्हणून तर कार्ड घेतलं."

"मी मुद्दाम बोर्ड तपासत होतो," वेलिबोर म्हणाला.

दुपारपर्यंत खेळ चढला. खेळातल्या स्टिअरिंगवर पहिला मान अर्थातच तिहोमिरने घेतला. मागे ब्लागोये आणि वेलिबोर उभे. नव्या यंत्रावर चित्र असं स्वच्छ होतं की डांबराचे खडे दिसत होते. तिहोमिरने आरसे बघितले, घसा साफ केला, सफाईने गाडी काढली आणि पहिल्याच चौकात गोल फिरायच्या ऐवजी सरळ मधल्या बागेत घातली. ट्रेलर कलंडला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'मालाचे नुकसान' असं आलं.

"कार्ड कमी पडतंय," तिहोमिर म्हणाला.

"आणि वळताना अडकतंय," ब्लागोये म्हणाला.

"मी म्हटलंच होतं, एक नंबर वरचं घ्यायचं," वेलिबोर म्हणाला. तिघं निष्कर्षाने समाधानी होऊन जेवायला बसले.

सोमवारपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात तिहोमिरला थांबवून विचारलं की त्यांच्या जावयाला कुठला प्रोसेसर घ्यावा. तिहोमिरने वीस मिनिटं मार्गदर्शन केलं. ब्लागोयेने खानावळीत सांगितलं की कार्ड घ्यायच्या आधी त्याने वहिनीला स्वतः बाजार दाखवला, चांगलं-वाईट ओळखायला शिकवलं. वेलिबोरने फोटो काढून आपल्या नगरपालिकेच्या ग्रुपवर टाकला. फोटोत काँप्युटर होता, तो होता, आणि कडेला नेवेंकाचं एक कोपर होतं.

नेवेंकाला हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडूनच कळलं. "तुम्ही नशीबवान, घरात जाणकार माणूस आहे," बाई म्हणाल्या. नेवेंका म्हणाली, "हो ना, तीन-तीन आहेत," आणि पडद्यांची पिशवी घेऊन वर आली.

त्या दुपारी तिने कंपनीला कळवलं की गाडी दुरुस्त झाली. तीन आठवड्यांनी. सात-आठ जणांनी लगेच उत्तर दिलं. पोर्तोच्या माणसाने विचारलं, काय घेतलंस, आणि तिने यादी पाठवली. त्याने लिहिलं, 'मापात निवडलंस. एकही पैसा वाया नाही.' ते वाक्य तिने दोनदा वाचलं. मग कॉर्दोबाहून लिस्बनला न्यायचं ऑलिव्हचं तेल उचललं आणि निघाली.

तिहोमिर आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसला. पहिली दहा मिनिटं त्याने गिअर, आरसे आणि अंतर यांबद्दल सूचना केल्या. तिने ऐकल्या नाहीत. मग डोंगर लागले. उतारावर दुतर्फा झाडं, लांबवर एक पांढरं गाव, ढगांच्या सावल्या रस्त्यावरून सरकताहेत. तिहोमिर बोलायचा थांबला. अर्धा तास तो काहीही बोलला नाही. एवढा वेळ गप्प तो लग्नात चर्चमध्येही बसला नव्हता.

"हे कुठलं?" त्याने विचारलं.

"स्पेनचं टोक. पोर्तुगाल लागेल आता."

"मी एकतीस वर्षांत एकदाही डेपोच्या पलीकडे गेलो नाही," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं मोजून सांगितल्यासारखं. "पुढे काय आहे?"

"समुद्र."

"मग चल की," तिहोमिर म्हणाला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "फक्त त्या पुढच्या वळणाला ब्रेक जरा आधी मार."

नेवेंकाने ब्रेक तिला मारायचा होता तिथेच मारला.